बोर्डावरचं ‘खलास’

"बोर्ड कोणी फिरवला?"

फोनवर राघवन साहेब होते, आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. सकाळचे सव्वासात झाले होते. मी अजून हेल्मेटचा पट्टासुद्धा लावला नव्हता.

"मी फिरवला," मी म्हणाले.

धादांत खोटं. बोर्ड फिरवला होता इब्राहिमभाईंनी, आणि ते माझ्याच ऑफिसच्या दारात, पांढऱ्या धुळीने माखलेले बूट घालून उभे होते. "बाय, साहेबांना माझं नाव सांगू नको," असं ते मिनिटभरापूर्वीच म्हणाले होते. वीस वर्षं आखातात लोडर चालवत होते आणि वीस वर्षांत त्यांनी एकाही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. त्या सकाळी पहिल्यांदा म्हटलं, तेही तोंडाने नाही, बोर्ड फिरवून.

"जहाज जेट्टीला उभं आहे मॅडम. मी येतोय," राघवन साहेब म्हणाले आणि फोन आपटला.

ही दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. आखातातल्या सोहार बंदराजवळच्या एका गोदाम कंपनीत मी सेफ्टी इंजिनिअर होते. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती त्या नावाने उरलेलीही नाही. माझं माहेर वसईचं, इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे आणि कुणी नसलं की बाय. आमच्या गोदामात युरिया साठवला जायचा. ट्रक येऊन माल बाहेरच्या हॉपरमध्ये, म्हणजे मोठ्या नरसाळ्यात, ओतायचे, तिथून तो फिरत्या पट्ट्यावरून छताखाली जायचा आणि वरून ढिगावर पडायचा. जहाज आलं की ढीग खरवडून माल पुन्हा पट्ट्यावर घालायचा. ही खरवड एक अजस्र यंत्र करायचं. त्याला आम्ही स्क्रेपर म्हणायचो.

युरिया पाहिला नसेल तर साबुदाणा डोळ्यांसमोर आणा. त्याचा सहा-सात मजली डोंगर, एका लांबलचक पत्र्याच्या छताखाली. कोरडा असेपर्यंत साबुदाण्यासारखाच घरंगळतो. पण हवेतला ओलावा लागला की काय होतं ते कुठल्याही घरात विचारा. गोळा होतो. वर कडक पापडी धरते. आणि तिथल्या बातिना किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये हवा अशी असते की सकाळी चष्मा घालून एसीतून बाहेर पडलं की दोन मिनिटं आंधळं व्हायला होतं.

मला या ढिगाची भीती घालायला एक ऑस्ट्रियन माणूस यावा लागला. योहान त्याचं नाव. स्क्रेपर बनवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक. त्या वर्षीच्या जानेवारीत तो सर्व्हिसिंगसाठी तीन आठवडे आमच्याकडे होता. रोज सकाळी कॉफी घेऊन लॅपटॉप उघडायचा आणि गंभीर चेहऱ्याने काहीतरी वाचायचा. मला वाटलं, शेअरबाजार. एकदा डोकावले तर डोंगराचा नकाशा, त्यावर पिवळे-नारिंगी पट्टे.

"हिमकडे कोसळण्याचं बुलेटिन," तो म्हणाला. "माझे मित्र शनिवारी स्कीइंगला जाणार आहेत. लेव्हल तीन आहे. फोन करून शिव्या घालायला हव्यात."

मला स्कीइंग म्हणजे दोरीच्या पाळण्यातून वर जायचं आणि आखलेल्या उतारावरून घसरत यायचं, एवढंच ठाऊक. योहानचे मित्र त्यातले नव्हते. ते पायी डोंगर चढणारे, जिथे कुणाची पावलं नाहीत, कुणी वॉचमन नाही, अशा उतारावरून खाली येणारे. त्यांच्यासाठी हे बुलेटिन रोज निघतं. एक ते पाच अशा धोक्याच्या पायऱ्या, कुठल्या उंचीवर, डोंगराच्या कुठल्या अंगाला आणि कशामुळे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

"बर्फ थराथराने पडतो," योहानने मला कागदावर काढून दाखवलं. "एखादा थर आतून साखरेसारखा रवाळ होतो. एकमेकाला धरत नाही. त्याच्यावर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ घट्ट बसतो, लादीसारखा. वरून बघशील तर काय सुंदर! त्याच्यावर माणूस गेला की खालची साखर चुरते आणि अख्खी लादी निसटते. त्याला घेऊन."

"कुठल्याही उतारावर?"

"सपाट असेल तर सरकत नाही. फार उभा असेल तर बर्फ टिकतच नाही. मधला उतार वाईट. आणि स्कीइंगला मजा येते ती नेमकी मधल्या उतारावर." तो हसला नाही. "एक लक्षात ठेव. अशा बहुतेक माणसांच्या अंगावर हिमकडा आपणहून येत नाही. त्याने स्वतः किंवा त्याच्याच सोबत्याने पाडलेला असतो."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कारण आमचा लोडर दुसरं काय करत होता? स्क्रेपर बंद पडला की लोडर ढिगाच्या पायथ्याशी जाऊन बकेटीने माल उचलायचा. म्हणजे खालून आधार काढायचा आणि वर पापडी धरलेला कडा तसाच.

त्याच दुपारी योहान फावडं घेऊन ढिगावर चढला. मागोमाग मी. त्याने ढिगात खड्डा खणून कडेला हातभर रुंदीचा एक खांब मोकळा कापला. फावड्याचं पातं त्यावर आडवं ठेवलं आणि हाताने थापट्या मारायला लागला. आधी नुसत्या मनगटातून दहा, मग कोपरातून. बर्फात हीच परीक्षा घेतात, जितक्या कमी थापट्यांत सुटेल तितका धोका जास्त. कोपरातली तिसरी थापटी पडली आणि खांबाचा वरचा वीतभर तुकडा अलगद पुढे सरकला. खालचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की जणू सुरीने कापला होता. योहानने शीळ घातली. मी घातली नाही, कारण त्या तुकड्याचा हजारपट मोठा भाऊ रोज इब्राहिमभाईंच्या डोक्यावर असायचा.

योहान गेल्यावर मी आमचं स्वतःचं बुलेटिन सुरू केलं. गोदामाच्या दारावर भला मोठा बोर्ड, पाच पायऱ्या, पाच रंग, चार भाषा. मला त्याचा फार अभिमान होता. महिनाभर एकाही माणसाने तो वाचला नाही.

"बाय," इब्राहिमभाईंनी शेवटी सांगितलं, "ह्यो बोर्ड वाचायला जो उभा ऱ्हाईल तो वाचेपर्यंत दबेल. एवढा नको लिवू. सगळ्यांना कळतात असे तीन शब्द हायत. यल्ला, इन्शाल्ला, खलास."

बरोबर होतं. आमच्याकडे बंगाली, पंजाबी, मल्याळी, पठाण, सगळे एकमेकांशी मोडकं हिंदी बोलायचे, पण हे तीन अरबी शब्द पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाच्या तोंडात बसायचे. यल्ला, चला. इन्शाल्ला, देवाची इच्छा असेल तर. खलास, संपलं, बंद. मी तीन पाट्या रंगवून एका फिरत्या तिकोनी बोर्डावर लावल्या. दुसऱ्याच दिवशी टर्मिनल मॅनेजर सालिम साहेबांनी बोलावलं. मूळचे तिथल्याच इब्रा गावचे, शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

"अल्लाचं नाव धुळीत टांगायचं नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही तिथे जे लिहिलंय त्याचा अर्थ ‘बघू, जमलं तर’ असा होतो. तुम्हा लोकांनी त्या शब्दाचं काय करून ठेवलंय!"

मी ओशाळले आणि मधली पाटी बदलून ‘शुवै शुवै’ केली. म्हणजे हळू हळू. नियम एकच ठेवला. ढिगात काही वेगळं दिसलं किंवा ऐकू आलं तर कुणीही बोर्ड खलासवर फिरवून काम थांबवू शकतो, कारण सांगायची गरज नाही. परत फिरवायचा मात्र सेफ्टीने.

ऑगस्टपर्यंत तो एकाही कामगाराने फिरवला नाही. नियम कागदावर राहिला. नोकरी कुणाला नको होती?

आता त्या सकाळकडे येते. स्क्रेपरची साखळी तीन दिवसांपूर्वी तुटलेली. पार्ट येईपर्यंत दोन लोडर पायथ्याशी चाललेले. त्यांच्या ये-जा करण्यासाठी मोठं शटर तीन दिवस सताड उघडं, आणि किनाऱ्यावरची सगळी दमट हवा आत. ढिगाचा उतार जाऊन तिथे भिंत झाली होती, तीन मजली उभी.

"लोडर बंद करून पानी पीत व्हतो," इब्राहिमभाई सांगत होते. "तेवढ्यात आवाज आला. धप्प. वरच्या माळ्यावर कुनीतरी गादीवर बसल्यासारका. बगितलं तर काय नाय. पन तू त्या गोऱ्याचा सांगितला व्हतास ना, बर्फ पन असा बोलतो म्हनून."

सांगितलं होतं खरं. खालचा थर बसतो तेव्हा बर्फाखालून असा बसका आवाज येतो, आणि तो ऐकल्यावर शहाणा स्कीवाला आल्या पावली परत फिरतो. मी सगळ्यांना सांगितलं होतं. ऐकणारा एक निघाला.

मी छताखालच्या अरुंद लोखंडी पुलावर, कॅटवॉकवर, चढून वरून पाहिलं. भिंतीच्या काठापासून सहा-सात पावलं आत, ढिगाच्या माथ्यावर एक भेग होती. तिच्यात माझा पंजा आडवा जाईल एवढी. सरळ, लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

राघवन साहेब आले तेव्हा मी त्यांना वर नेऊन तीच दाखवली, इब्राहिमभाईही मागोमाग आले.

"ढिगाला भेगा असतातच," ते म्हणाले. "कप्तान दर तासाला फोन करतोय. दोन लोडर, संध्याकाळपर्यंत काम संपतं. बोर्ड फिरवा. यल्ला करा."

"नाही करणार."

"किती वेळ नाही करणार?"

मी पुन्हा भेगेकडे बोट दाखवलं. ते सरळ इब्राहिमभाईंकडे वळले. "इब्राहिम, तू जाएगा ना? बीस साल का आदमी है."

इब्राहिमभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुटांकडे पाहिलं. "जाएगा साब," ते म्हणाले.

मला राघवन साहेबांचा राग आला, इब्राहिमभाईंचा आला आणि सर्वात जास्त माझा आला. एका माणसाने जीव मुठीत धरून आयुष्यात एकदा नाही म्हटलं होतं आणि दोन तासांत आम्ही त्याच्याकडून हो वदवून घेतलं होतं.

"ते जाणार नाहीत," मी म्हणाले. "बोर्ड खलास आहे. चला सालिम साहेबांकडे."

सालिम साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग मला एवढंच विचारलं, "ती पडणार आहे हे तुम्ही म्हणता. कधी?"

"सांगता येत नाही."

"मग जहाजाला मी काय सांगू?"

तेव्हा मला योहानची आणखी एक गोष्ट आठवली. जिथे रस्ता किंवा गाव खाली असतं तिथे ते लोक हिमकडा पडायची वाट पाहत बसत नाहीत. माणसं हटवतात आणि स्वतःच पाडतात, बहुतेक वेळा सुरुंग लावून. युरियाच्या गोदामात सुरुंगाचं नाव काढलं असतं तर माझ्यासकट सगळ्यांना तिथल्या पोलिसांनी उचललं असतं. पण पाडायला सुरुंगच कशाला हवा? लादीवर वजन वाढलं की ती सुटते.

"आपणच पाडू," मी म्हणाले. "बाहेर मालाचे ट्रक उभे आहेत. ते हॉपरमध्ये ओतायचे आणि वरचा पट्टा नेमका त्या काठावर आणून माल सोडायचा. आत एकही माणूस नको. वजन पडेल, भिंत खाली येईल. मोकळा माल लोडरला उचलायला उलट सोपा."

राघवन साहेब हसले. "जहाज रिकामं उभं आहे आणि मॅडमना गोदाम भरायचंय."

सालिम साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दुहरच्या अजानपर्यंत," ते म्हणाले, म्हणजे दुपारी सव्वाबारापर्यंत. "तोपर्यंत पडली नाही, तर बोर्डाचं राघवन ठरवतील."

साडेनऊला मी सगळ्यांना बाहेर काढलं. नावं घेऊन मोजले, दोनदा. शटर बंद केलं. बाहेर दाराच्या कडेला, जमिनीवरच्या धोक्याच्या लाल रेघेच्या पलीकडे, रेडिओ देऊन इब्राहिमभाईंना उभं केलं. दाराच्या छोट्या काचेतून त्यांना आतलं दिसत होतं. मी आणि राघवन साहेब कंट्रोल रूममध्ये, कॅमेऱ्यासमोर.

पट्टा सुरू झाला. काठावर पांढरी धार पडायला लागली. दहा मिनिटं, अर्धा तास. खाली थोडं थोडं घरंगळायचं आणि थांबायचं. एक तास झाला. भिंत ढिम्म.

"अजून चार ट्रक ओतू या का?" राघवन साहेबांनी चहा मागवला. "उद्याच्या जहाजाचाही माल होईल."

मी पडद्यावरची नजर हटवली नाही. खरं सांगते, मला घाम फुटला होता, तोही एसीत. पडली नाही तर माझी फजिती होईल, त्याचं एवढं नव्हतं. पडली नाही तर बारा-सव्वाबाराला इब्राहिमभाई त्या भिंतीखाली जातील, आणि लोडरच्या धक्क्याने ती मग पडेल. मी साडेअकरा वाजता पट्टा पाच-सहा पावलं मागे घ्यायला लावला, भेगेच्या अगदी तोंडावर. धार तिथे पडू लागली.

चहाचा ग्लास टेबलावर किणकिणला. मग जमीन थरथरली आणि कॅमेऱ्याचा पडदा पांढरा झाला. संपूर्ण पांढरा. मी पट्टा बंद करायला ओरडले आणि रेडिओ उचलला.

"इब्राहिमभाई?"

नुसती खरखर.

"इब्राहिमभाई, ऐकू येतंय का? बोला!"

खरखर. मग त्यांचा आवाज, खोल गेलेला, खोकल्यात अडकलेला.

"मॅडम... खलास."

मी पाच वर्षं त्या देशात होते, बोर्डावर तो शब्द मी स्वतः रंगवला होता, पण त्या क्षणी मला अरबी येत नव्हतं. वसईत खलास म्हणजे माणूस गेला. कोण गेलं? मी दोनदा मोजले होते. कुणी मागच्या दाराने आत शिरलं? शटर फुटून माल बाहेर आला? राघवन साहेबही उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही, माझा त्याहून बरा नसणार.

"कोण? इब्राहिमभाई, कोण खलास?"

"कोन म्हंजे?" खोकला. "भिंत! सगली खाली आली. काम खलास! मॅडम, काय मस्त पडली, तुमी बगायला होयी व्हती!"

मी खाली बसले. मग मला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी. "नीट मराठीत बोला ना!" मी ओरडले.

"मराठीतच बोलतोय बाय," रेडिओवरून उत्तर आलं. चारचौघांत त्यांनी मला पहिल्यांदाच बाय म्हटलं.

धूळ बसायला अर्धा तास लागला. सालिम साहेबही आले. शटर वर गेलं आणि आम्ही चौघे लाल रेघेवर उभे राहिलो. तीन मजली भिंत गेली होती. तिच्या जागी छान मंद उतार, आणि उताराखाली पंख्यासारखा पसरलेला माल. त्यात फ्रिजएवढी, कपाटाएवढी ढेकळं. वर, जिथून लादी सुटली तिथे, सुरीने कापल्यासारखी सरळ कड. योहानच्या खांबासारखीच.

"तुम किधर खड़ा रहता था?" राघवन साहेबांनी हळूच विचारलं.

इब्राहिमभाईंनी बोट दाखवलं. तिथे एकावर एक तीन कपाटं पडली होती.

राघवन साहेब रेघेपासून दोन पावलं मागे सरकले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या कानात सतत एक कप्तान ओरडत असायचा एवढंच. मग त्यांनी सकाळचाच प्रश्न पुन्हा विचारला, पण आवाज वेगळा होता.

"बोर्ड किसने घुमाया था?"

मी तोंड उघडलं, पण इब्राहिमभाई माझ्या आधी बोलले. "मैंने, साब."

राघवन साहेबांनी हातमोजा काढला आणि त्यांचा हात हातात घेतला. दुहरची अजान झाली तेव्हा आम्ही तिथेच उभे होतो. सालिम साहेब म्हणाले, "आता परत फिरवा." नियमाप्रमाणे ते काम माझं होतं. मी ते इब्राहिमभाईंना दिलं. नमाज पढून आल्यावर त्यांनी बोर्ड यल्लावर आणला आणि तो पुसलाही, आपल्या गळ्यातल्या रुमालाने.

मोकळा माल लोडरने इतक्या झपाट्याने उचलला की संध्याकाळी ठरल्या वेळेआधी जहाजाची झाकणं लागली. योहानला मी फोटो पाठवले. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘सुंदर पडलीय. खाली कुणी नव्हतं ना?’ मी लिहिलं, कुणी नव्हतं. हे दोन शब्द लिहिताना मला जेवढा आनंद झाला तेवढा नोकरीच्या तीस वर्षांत दुसऱ्या कशानेही झाला नाही. त्यानंतरच्या महिन्यात तो बोर्ड कामगारांनी आपणहून चार वेळा खलासवर आणला. दोनदा उगाचच होता. कुणी कुणाला विचारलं नाही. राघवन साहेब मात्र रोज सकाळी जहाजाच्या आधी बोर्डाची चौकशी करायला लागले.

या सगळ्यातून मी काय शिकले? धोक्याची पाटी लिहिणाऱ्याच्या भाषेत नको, वाचणाऱ्याच्या भाषेत हवी. आणि रेडिओवरचा शब्द ऐकणाऱ्याच्या भाषेत. दुसऱ्या दिवशी मी एक सर्क्युलर काढलं: ‘बोर्डावर खलास चालेल. रेडिओवर हा शब्द वापरू नये.’

इब्राहिमभाई कागद घेऊन आले. "बाय, मग काम झाला की बोलू काय?"

"काहीही बोला. जेवायला चाललो म्हणा."

मी वैतागून बोलले होते. पण मी तिथून निघाले त्या वर्षापर्यंत त्या गोदामात, बंगाली असो, पंजाबी असो, पेशावरचा पठाण असो, काम सुखरूप आटोपून लोडर बाहेर आला की रेडिओवर एकच आवाज यायचा, आणि तो ऐकल्याशिवाय मी डबा उघडत नसे.

"मॅडम, जेवायला चाललो."